भर वाफेवरची तपासणी

कुकर दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. रबर बदललं, मूठ आवळली, गिऱ्हाइकाची पाठ वळली की यांचीही वळली. कुकरवाली त्यातली नव्हती. तिच्या दुकानात दाराजवळ एक बैठी शेगडी होती. तिला सगळे तपासणीची शेगडी म्हणत. दुरुस्त झालेला प्रत्येक कुकर पाणी घालून त्या शेगडीवर चढायचा, आणि गिऱ्हाइकासमोर भर वाफेवर शिटी दिल्याशिवाय दुकानाचा उंबरा ओलांडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, घाई आहे, तसाच द्या." ती म्हणायची, "घाई तुम्हाला आहे, कुकरला नाही." आणि शेगडीपुढच्या बुटक्या स्टुलावर बसून राहायची. शिटी ऐकताना ती मान अशी कलती धरी, की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या कानात कुणीतरी घरातली गोष्ट सांगतंय. ओली शिटी, कोरडी शिटी, अडखळत येणारी, एका दमात येणारी. लेकराच्या रडण्यावरून आईला भूक वेगळी कळते आणि पोटदुखी वेगळी, तसं तिला शिटीवरून कुकरच्या पोटातलं कळायचं.

काम नवरा-बायकोत वाटलेलं होतं. कुकर उघडायचा नवऱ्यानं. शिटीची नळी आरपार आहे का ते तार घालून बघायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून बघायचा, मग रबर, मग मूठ. नवरा मुलखाचा अबोल. 'हं' म्हणाला की त्याचं एक वाक्य झालं, आणि दोनदा 'हं' म्हणाला की भाषण. त्यानं 'हं' म्हणून कुकर पुढे सरकवला की तिनं तो शेगडीवर चढवायचा. लग्न झाल्यापासूनची ही वहिवाट.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक निवृत्त बँडमास्तर आपला कुकर घेऊन आले. कुकर आरशासारखा लख्ख. या माणसानं आयुष्यभर पिपाण्या पुसल्या होत्या, तोच हात त्यानं कुकरलाही लावला होता. फक्त त्याचा व्हॉल्व्ह अधूनमधून फुसफुसायचा आणि ती फुसफुस बँडमास्तरांना बेसूर वाटायची, म्हणून त्यांनी त्यात शिसं वितळवून ओतलं होतं. हे त्यांनी सांगितलं, पण नंतर. शिटीच्या नळीतही कसलासा भाताचा राप बसून ती गच्च झाली होती. तेही नंतरच कळलं.

कुकर चढला. पाणी उकळलं. शिटी येईना. तिनं ऐकायला मान कलती केली, आणि त्या कलत्या मानेनंच तिचा जीव वाचवला. मान सरळ असती तर डोकं जिथं असतं, तिथून झाकण गेलं, छपराच्या पत्र्यातून गेलं आणि आभाळात गेलं. वर जाताना अख्ख्या गल्लीनं ते पाहिलं. खाली येताना मात्र कुणीच पाहिलं नाही. पोरांनी गच्च्या शोधल्या, बायकांनी झाडं हलवून पाहिली, विहिरीत गळ सोडला. झाकण नाही ते नाहीच.

तिच्या हातावर भाजल्याचा एक पट्टा उठला, तो भरून आला. छपराला ठिगळ लागलं. पण जेवणवेळेला गल्लीत कुठल्यातरी घरातून शिटी झाली, आणि कुकरवाली होती त्या जागेवरून नाहीशी झाली. शोधलं तर जेवणाच्या टेबलाखाली, गुडघ्यांत डोकं घालून, घामानं निथळत.

आता गल्ली म्हटली की घरं आली, घरं आली की कुकर आले. जेवणवेळेला शिट्यांना खळ नसे. पहिले काही दिवस घरची माणसं तिला बाहेर काढायला खाली वाकत. तिला बाहेर काढेपर्यंत दुसऱ्या घरची शिटी व्हायची. मग नवरा तिच्या शेजारी जाऊन बसू लागला. एकट्या सुनेला कसं ठेवायचं म्हणून सासूबाईही गेल्या, आणि सासूबाई गेल्या म्हणून धाकट्या दिराला वर बसणं लाजिरवाणं वाटू लागलं. तो आपलं ताट घेऊनच खाली जायचा. पुढे पुढे अशी सवय लागली, की शिटी ऐकली की अख्खं घर एकदम टेबलाखाली. पाहुणे आले तर त्यांनाही कुणीतरी हाताला धरून खाली ओढायचं, आणि पाहुणे बिचारे ही या घरची रीत असेल असं समजून गप्प बसायचे.

"आता जरा थांबा," सासूबाई खालून म्हणायच्या. "समोरच्यांची दुसरी शिटी व्हायचीय. सारखं खाली-वर करायला माझे गुडघे काही सरकारी नाहीत."

हसण्यासारखं होतं, आणि लोक हसतही होते. पण टेबलाखालून बाहेर आल्यावर जे व्हायचं त्याला कुणी हसत नव्हतं. तिला आधी लाज वाटायची. ती लाज आत मावेनाशी झाली की तिचा राग व्हायचा, आणि तो राग जवळ असेल त्याच्या अंगावर जायचा. दिरानं एकदा चमचा जरा जोरात खाली ठेवला, तर भाजीचं पातेलं खिडकीतून रस्त्यावर गेलं. रागाचा भर ओसरला की ती तासन् तास मोरीत बसून रडायची. रडून झालं की म्हणायची, "मी अशी नव्हते." आणि ते खरं होतं.

दुकान तर अजबच होऊन बसलं. नवरा कुकर दुरुस्त करत होता, पण तपासणीची शेगडी थंड. आणि तपासल्याशिवाय कुकर द्यायचा नाही हा तिचा हट्ट मात्र तसाच गरम. गिऱ्हाईक परत मागायला येई, ती म्हणे, "तपासायचा राहिलाय." "मग तपासा." "आज नाही." कुकर साठत गेले. फळ्या भरल्या, ओटा भरला, मग ते घरात शिरले. पलंगाखाली कुकर, देवळीत कुकर, दिराच्या उशाशी कुकर. सासूबाई दोन कुकरांवर पाय ठेवून झोपू लागल्या आणि पायाची सूज उतरली म्हणून कुणाला ते हलवू देईनात. बँडमास्तर आठवड्याला एक फेरी मारून विचारायचे, "आमचं झाकण खाली आलं का?" आणि दर वेळी त्यांच्या दिशेनं काहीतरी भिरकावलं जायचं.

शेवटी दीर एका संध्याकाळी टेबलाखालीच बोलला. "वहिनी, राग मानू नका. पण तीन महिन्यांनी दुकानात मोबाइलची कव्हरं लावू. स्टँड सांगून ठेवलाय. कव्हर फुटलं तरी आवाज होत नाही."

नवरा 'हं' म्हणाला, पण तो होकार होता का नकार, हे त्यालाही ठाऊक नसावं. त्या दिवसापासून तिच्या काळजात एकच गोष्ट रुतून बसली. स्टँड यायच्या आत शेगडी पेटली पाहिजे. नाहीतर ज्या बाईला लोक कुकरवाली म्हणतात, तिला काय म्हणून हाक मारायची?

मोठी नणंद दवाखान्यात आया होती. तिनं वाट दाखवली. "वरच्या मजल्यावर एक बाई बसतात. बोलून बरं करतात."

"बोलून?" कुकरवाली म्हणाली. "मग वन्सं, आपल्या घरात कुणी आजारी पडायलाच नको होतं. आई तर दिवसभर बोलतात."

तरी गेली. खोली लहान होती, दोन खुर्च्या, एक पंखा, खिडकीत पाण्याचा तांब्या. समुपदेशक बाई वयानं तिच्याहून लहान, आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघा, मन कुकरसारखं असतं."

"कोणत्या बनावटीचं?"

बाई थबकल्या. "म्हणजे?"

"आतल्या झाकणाचं का बाहेरच्या? दोन्हींचा दाब वेगळा बसतो."

बाई हसल्या. "कुकर राहू द्या. लाट म्हणू. भावना लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि आपण तिला ढकललं नाही, ओढलंही नाही, तर उतरते. तुमची लाट दुसऱ्यांपेक्षा उंच आहे, कारण तुमच्यावर तसं गुदरलंय. त्यात तुमचा दोष नाही. पण पोहायला शिकायचं काम मात्र तुमचंच आहे."

हे बोलणं तिला पटलं. दोष नाही, पण काम आपलं. दुरुस्तीच्या धंद्यात हेच असतं.

मग ती दर आठवड्याला जाऊ लागली. बाईंनी तिला एकेक गोष्ट हातात दिली. अंगाचा भडका झाला, विचार करणंच सुचेनासं झालं, तर श्वास रोखून तोंड गार पाण्यात बुडवायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं. गार पाणी लागलं की शरीर आपोआप मंदावतं. श्वास घ्यायचा त्यापेक्षा सोडायचा लांब. काहीही करण्याआधी थांबायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, बघायचं, मग हलायचं. भावनेला नाव द्यायचं, कारण नाव नसलेली गाय कुणाच्याही शेतात शिरते. ही गायीची उपमा कुकरवालीची, पण बाईंनी ती ठेवून घेतली. आणि उलट चाल. भीती सांगते पळ. ती सांगते आहे ते खरं आहे का, हे तपासायचं. खरं नसेल तर पळायचं नाही, उलट हळूहळू तिच्याकडेच जायचं.

"आणि एक सगळ्यांत अवघड," बाई म्हणाल्या. "जे झालं ते झालं, हे मान्य करायचं. मान्य म्हणजे बरं झालं असं नव्हे. माफ केलं असंही नव्हे. फक्त त्याच्याशी भांडणं थांबवायचं."

"ते मला जमायचं नाही."

"आज नाही जमणार."

घरात मोरीजवळ गार पाण्याची बादली आली. तिनं पहिल्यांदा तीत तोंड घातलं तेव्हा सासूबाईंनी, सून जीव देते आहे असं समजून, मागून तिची वेणी धरून ओढली. दोघी ओल्या झाल्या. पण त्या दिवशी पातेलं खिडकीतून गेलं नाही. थोड्याच दिवसांत घरातले सगळे बादली वापरू लागले. दीर कव्हरांच्या भावावरून फोनवर भांडला की तडक बादलीकडे जायचा, आणि सासूबाई शेजारणीशी बोलून आल्या की तोंड बुडवायच्याच.

इथं मात्र कुकरवालीनं जी चूक केली ती फक्त तिच्याच धंद्यातलं माणूस करू शकलं असतं. तिला वाटलं, मी आता दुरुस्त होत आले. दुरुस्त झालेली वस्तू भर वाफेवर तपासल्याशिवाय बाहेर सोडायची नसते. तेव्हा मलाही तपासलं पाहिजे.

रविवारी सकाळी तिनं घर टेबलाभोवती बसवलं. "आज तुम्ही सगळ्यांनी मला राग आणायचा. हातचं राखायचं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मला कसं जमेल? मी जन्मात कधी कुणाला टोचून बोलले नाही."

कुणीच कुणाकडे बघितलं नाही. नवरा फार मन लावून टेबलाची कड खरवडू लागला.

दिरानं सुरुवात केली. "वहिनी, तुमची भाजी..." आणि अडला. "चांगली असते. मला दुसरं काही सुचत नाही."

"बाजूला हो," नणंद म्हणाली. तिनं पदर खोचला. लग्नात कुकरवालीच्या माहेरून आलेल्या पातळ सतरंज्यांपासून तिनं जी सुरुवात केली, ती तिच्या मामाच्या घोरण्यावरून, तिच्या आईच्या हिशेबी हातावरून थेट कुकरवालीच्या स्वतःच्या चालण्यावर येऊन जरा थांबली. दारात शेजारी जमले. एकीनं विचारलं, "आम्ही बोललं तर चालेल का?" सासूबाईंना राहवेना. "तू सतरंज्यांचं अर्धंच सांगितलंस," त्या लेकीला म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा भाग त्यांनी पुरा केला, न टोचता.

कुकरवाली हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, श्वास लांब सोडत. राग येईना. उलट, सतरंज्या पातळ होत्याच, हे तिच्या मनात आलं. मागितलेल्या शिव्यांनी कुणाला राग येतो?

मग नणंदेनं आपलं हुकमी पान टाकलं. ती जाऊन बँडमास्तरांना घेऊन आली. ते कोट घालून आले, काय करायचं ते समजावून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "आमचं झाकण खाली आलं का?"

सगळे हळूच टेबलाच्या कडेला सरकले. ती म्हणाली, "अजून नाही. बसा, चहा घ्या." ते बसले. ज्याची वाट बघत होते ते झालंच नाही, म्हणून सगळेच थोडे हिरमुसले.

"झाली तपासणी," दीर म्हणाला. "वहिनी पास."

तेव्हा नवरा बोलला. इतकी माणसं बोलून गेली, आपलीही पाळी आली असं त्याला वाटलं असेल. की इतके महिने जे घशात अडकलं होतं, त्याला आज वाट दिसली, कोण जाणे. तो खाली बघत म्हणाला, "मी त्या दिवशी नळीत तार घातली नव्हती. व्हॉल्व्हही बघितला नव्हता. कुकर इतका चकचकीत होता. मला वाटलं, यात काय बघायचं. मी नुसतंच 'हं' म्हटलं."

लग्नानंतरचं त्याचं हे सगळ्यांत लांब बोलणं.

तिच्या पायांच्या तळव्यांपासून काहीतरी वर चढलं, मांड्यांतून, पोटातून, मानेतून. कानांत दडे बसले. समोर चहाची किटली होती आणि तिचा हात किटलीवर गेलेला तिनं पाहिला, दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसा. पाहिला, म्हणून थांबला. तिनं किटली सोडली. एक पाऊल मागे घेतलं, वळली, मोरीकडे गेली आणि बादलीत तोंड घातलं.

"अगं, फार वेळ झाला," सासूबाई थोड्या वेळानं म्हणाल्या.

"होऊ द्या," नणंद म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कुणी वेणी ओढायची नाही."

ती वर आली, श्वास घेतला, पुन्हा बुडाली. पुन्हा वर आली. पाणी हनुवटीवरून गळत असताना ती भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं नावं देऊ लागली, कुणाला उद्देशून नाही. "हा राग आहे. खूप आहे. त्याच्याखाली भीती आहे. मी मेले असते." तिनं तोंडावरचं पाणी पदरानं निपटलं. "त्याच्याखाली दुःख आहे. मला सांगितलं का नाही तुम्ही?"

नवरा उंबऱ्यावर बसून रडत होता. बँडमास्तरांनी कोटातून रुमाल काढून त्याला दिला आणि म्हणाले, "शिसं मी ओतलं होतं हो."

त्या दिवशी तिनं नवऱ्याला माफ केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याचं ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

समुपदेशक बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात ठेवला. "तुम्हाला मी हळूहळू म्हणाले होते. तुम्ही अख्खी गल्ली जमवलीत?"

"तपासायला नको?"

"माणसाला असं तपासत नाहीत. तुम्ही सावरलात, ते चांगलं झालं. सावरला नसतात तर? पुन्हा असं करणार नाही म्हणा."

"नाही करणार." मग ती म्हणाली, "पण बाई, एक कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, कुकर कधीही, कशानंही फुटू शकतो. तसं नाही. त्याची नळी बघितली नव्हती म्हणून फुटला. नळी मोकळी असेल तर शिटी होते. शिटी होते म्हणजे तो फुटत नाही. हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आले."

"मग भीती सांगते ते खरं का?"

"नाही. पण अंगाला अजून पटलेलं नाही."

"अंगाला हळूहळूच पटतं," बाई म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून पायऱ्या ठरवल्या. आधी नुसतं थंड शेगडीपुढच्या स्टुलावर बसायचं. मग शेगडी पेटवून बसायचं, वर काही न ठेवता. मग उघड्या पातेल्यात पाणी. मग झाकण लावलेला कुकर, पण शिटी न ठेवता, वाफ मोकळी जाऊ देऊन. आणि शेवटी शिटीसकट. प्रत्येक पायरीवर भीती चढेल, ती उतरेपर्यंत उठायचं नाही. त्या दिवसांत गल्लीतले लोक दुकानावरून जाताना बघायचे, की कुकरवाली पेटत्या रिकाम्या शेगडीकडे टक लावून बसली आहे आणि घामानं भिजली आहे, आणि तिचा नवरा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तिच्याकडे बघतो आहे, कारण अलीकडे यायची त्याला अजून परवानगी नव्हती.

पातेल्याच्या पायरीला तिनं त्याला हात करून बोलावलं. "झालं ते झालं," ती म्हणाली. "बरं झालं असं मी म्हणत नाही."

"हं," तो म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "म्हणजे, कळलं."

स्टँड आला त्या सकाळी तिची शेवटची पायरी राहिली होती. दोन माणसांनी तो दारात उतरवला, दीर खोक्यांतून रंगीत कव्हरं काढू लागला. ती त्याच्याकडे न बघता स्टुलावर बसली. गिऱ्हाईक म्हणून एक शिंपीण आली होती, तिचा कुकर घरात अडकून इतके दिवस झाले होते की ती आता भांडायचीही विसरली होती. नवऱ्यानं नळीत तार घातली. व्हॉल्व्ह उजेडाकडे धरला. कुकर चढला, शिटी बसली, शेगडी पेटली.

पाणी तापू लागलं तसे घरातले एकेक करून आत टेबलाखाली गेले. खोकी सोडून दीरही गेला, त्याच्यामागे स्टँड आणणारे दोघेही, कारण सगळे जात होते. शिंपीण एकटीच उभी राहिली. तिला घाई होती.

कुकरवालीचं अंग म्हणत होतं, ऊठ. तिनं हात मांडीवर उताणे ठेवले, श्वास लांब सोडला, आणि मान कलती केली. जवळ, आधी धरत असे तितकीच जवळ. वाफ चढली, शिटी डळमळली, थांबली, आणि मग एका दमात, कोरडी, भरदार झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती उठली नाही. अंगातली लाट माथ्यावर आली, तिथंच घुटमळली, आणि फार सावकाश, एखादी म्हातारी जिना उतरते तशी, उतरली.

"बिघडलाय का?" शिंपिणीनं घाबरून विचारलं. "तुम्ही रडता कशाला?"

"चांगला आहे," कुकरवाली म्हणाली. "न्या."

शिंपीण गेली. नवऱ्यानं पलंगाखालून पुढचा कुकर ओढून आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"नळी बघितली?"

"बघितली."

"माझ्यासमोर बघा."

त्यानं तिच्यासमोर तार घातली. तिनंही एकदा घालून पाहिली, आणि कुकर शेगडीवर चढवला.